बोलोन्यातला पावसाळी शेवटचा दिवस : कसे हिंडावे आणि काय खावे

इटलीच्या सहलीचा शेवटचा दिवस आहे, विमान रात्रीचे आहे, खोली सकाळी अकरापर्यंत सोडायची आहे आणि खिडकीबाहेर पहाटेपासून पावसाची रिपरिप सुरू आहे, असा योग ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सहलीत बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो. अशा वेळी काही जण हॉटेलच्या बैठकीत सामानाजवळ बसून राहतात, तर काही जण राहून गेलेली ठिकाणे उरकण्यासाठी छत्री सावरत धावपळ करतात. आमच्या पहिल्या खेपेला आम्ही दुसरा मार्ग धरला. शेवटच्या दिवशी व्हेनिस पाहायचेच असा हट्ट धरून बोलोन्याहून दीड तासाचा रेल्वेप्रवास केला, पुलांच्या पायऱ्यांवर छत्र्यांच्या गर्दीत तीन तास काढले आणि भिजलेले बूट तसेच बॅगेत कोंबून मुंबईला उतरलो. बॅगेचा कुबट वास जायला महिना लागला आणि व्हेनिस मात्र पाहिल्यासारखे वाटलेच नाही. त्यानंतर आम्ही शेवटचा मुक्काम बोलोन्यातच ठेवतो आणि तो दिवस त्याच गावात घालवतो. पावसाची शक्यता असलेल्या महिन्यांत सहल आखणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवेन.

याचे कारण बोलोन्याच्या बांधणीत आहे. इमारतींच्या तळमजल्याशी रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या कमानदार पडव्यांना तिथे पोर्तिको म्हणतात. त्यांची एकूण लांबी 62 किलोमीटर आहे आणि 2021 मध्ये त्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. मुंबईत दादाभाई नौरोजी मार्गावरच्या जुन्या इमारतींच्या कमानींखालून जुलैमध्ये चाललेल्या माणसाला या सोयीचे मोल लगेच कळेल. बोलोन्यात ती एका रस्त्यापुरती नसून जवळजवळ सगळ्या जुन्या गावाला लाभलेली आहे. मध्ययुगात विद्यापीठामुळे गावात माणसांची रीघ लागली आणि घरे अपुरी पडू लागली, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढून त्यांना खालून लाकडी खांबांचा टेकू दिला. नगरपालिकेने 1288 मध्ये नव्या घरांना पोर्तिको सक्तीचाच केला. जागा घरमालकाची राहिली, पण तिच्यातून जाण्यायेण्याचा हक्क सर्वांचा झाला. कोर्ते इसोलानीपाशी तेराव्या शतकातील लाकडी खांबांचा उंच पोर्तिको अजून उभा आहे. त्याच्याखाली उभे राहून वरच्या तुळयांकडे अवश्य पाहावे.

तयारी आदल्या रात्रीच करावी. मोठी बॅग पूर्ण भरून कुलूप लावून ठेवावी आणि हातातल्या बॅगेत कोरड्या मोज्यांचा एक जोड, एक पातळ टॉवेल आणि दोन मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वेगळ्या काढाव्यात. बूट ओले असतील तर त्यांच्या आत वर्तमानपत्राचे बोळे खच्चून भरावेत आणि झोपण्यापूर्वी ते एकदा बदलावेत. सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात. इटलीत रेल्वेचे संप पूर्वसूचना देऊन होतात. त्यांना शोपेरो म्हणतात. दुसऱ्या दिवशी तसा काही संप आहे का, हे हॉटेलच्या स्वागतकक्षात विचारून ठेवावे. खोली सोडल्यावर सामान बहुतेक हॉटेले संध्याकाळपर्यंत सांभाळतात आणि ते जमले नाही तर रेल्वे स्थानकावर सामानघर आहे. चाकांची बॅग ओढत पोर्तिकोंतून हिंडण्याचा विचार मात्र करू नये. पुष्कळ ठिकाणी तिथली फरशी गुळगुळीत, घोटलेली असते आणि ओल्या तळव्यांनी तिच्यावर पाय घसरतो, म्हणून रबरी तळाचे बूट घालावेत. पोर्तिकोत शिरताच छत्री मिटावी, कारण उघडी छत्री कमानीखालची अर्धी वाट अडवते. फक्त गल्ली ओलांडण्यापुरती ती उघडावी लागते.

दिवसाची आखणी एका साध्या गोष्टीवर बेतावी : अनेक चर्चे दुपारी काही तास बंद असतात आणि साधारण त्याच वेळात खाणावळी उघड्या असतात. म्हणून सकाळी चर्चे, दुपारी जेवण आणि जेवणानंतर छपराखालची इतर ठिकाणे असा क्रम ठेवावा.

सुरुवात मुख्य चौकातील सान पेत्रोनिओपासून करावी. या चर्चचे बांधकाम 1390 मध्ये सुरू झाले आणि दर्शनी भिंत कधीच पूर्ण झाली नाही. खाली संगमरवर आणि वर उघडी वीट अशी ती आजही दिसते. आत डावीकडच्या भागात जमिनीवर सुमारे 67 मीटर लांबीची एक रेघ आखलेली आहे. खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी दोमेनिको कास्सीनी याने 1655 मध्ये ती आखून घेतली. छतातील बारीक छिद्रातून येणारा सूर्याचा कवडसा स्थानिक मध्यान्हीला या रेघेवर पडतो आणि वर्षातील कोणता काळ चालू आहे हे सांगतो. पावसाच्या दिवशी कवडसा दिसणार नाही, हे आधीच मान्य करावे. तरीही रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत जावे आणि तिच्या कडेने कोरलेल्या राशी वाचाव्यात. मुले बरोबर असतील तर त्यांना हे फार आवडते. तिथून बाहेर पडल्यावर त्याच चौकातील पालात्सो देल पोदेस्ता या जुन्या वाड्याच्या कमानीखाली जावे. तिथल्या एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून हळू बोललेले समोरच्या तिरप्या कोपऱ्यात कान लावणाऱ्याला स्वच्छ ऐकू येते. या खेळाला पावसाने काहीच बाधा येत नाही.

दोन मनोरे पाहण्याचा बेत बाहेरून पाहण्यापुरताच ठेवावा. असिनेल्ली मनोरा 97 मीटर उंच आहे आणि त्याला 498 पायऱ्या आहेत, पण शेजारच्या कललेल्या गारिसेंदा मनोऱ्याची स्थिती चिंताजनक झाल्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्या परिसरात जाण्यास मनाई झाली आणि वर चढणेही बंद झाले.

या दिवसातली मला सर्वांत जवळची जागा सांता मारिया देल्ला व्हिता ही आहे. क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजारपेठेच्या गल्लीत, भाजीची आणि मासळीची दुकाने जिथे आहेत तिथेच, हे चर्च उभे आहे. आत निक्कोलो देल्लार्का याने पंधराव्या शतकात घडवलेल्या भाजलेल्या मातीच्या माणसाएवढ्या मूर्तींचा समूह आहे. मृत ख्रिस्त जमिनीवर पडलेला आहे आणि भोवती शोक करणारी माणसे आहेत. उजव्या टोकाला ख्रिस्ताची शिष्या मेरी माग्दालेना धावत येते आहे. तिचे वस्त्र आणि डोक्यावरचा पदर वाऱ्याने मागे फेकला गेला आहे, तोंड सताड उघडे आहे आणि जीभ व दात दिसावेत इतकी ती किंकाळी मातीत उमटली आहे. मी प्रथम तिथे गेलो तेव्हा बाहेर पागोळ्यांचा आवाज येत होता, आत चारच माणसे होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हते. इथे किमान वीस मिनिटे द्यावीत. आधी समोरून पाहावे, मग जितके जवळ जाता येईल तितके जाऊन एकेका चेहऱ्याकडे पाहावे आणि छायाचित्र अगदी शेवटी काढावे.

तिथून बाहेर पडले की साडेबारा होतात आणि जेवणाची वेळ झालेली असते. बोलोन्यात दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच मिळते. ही वेळ चुकवली तर संध्याकाळी साडेसातपर्यंत नीट शिजवलेले जेवण मिळणे अवघड जाते, म्हणून शेवटच्या दिवशी उभ्याने काहीतरी खाऊन वेळ वाचवण्याचा मोह टाळावा आणि टेबलाशी बसून जेवावे. गल्ल्यांतून जाताना काही दुकानांच्या काचेआड पीठ लाटणाऱ्या बायका दिसतात. त्यांना स्फोल्यीना म्हणतात. 100 ग्रॅम मैद्याला एक अंडे हे त्यांचे प्रमाण. आपल्या पोळीच्या लाटण्याच्या दुप्पट-तिप्पट लांब लाटण्याने त्या टेबलभर पसरणारी पोळी लाटतात, तिचा अर्धा भाग टेबलाच्या कडेवरून खाली सोडतात आणि तिच्या वजनानेच ती ताणू देतात. ज्यांनी घरी पुरणपोळी लाटली आहे, त्यांनी हे हात पाच मिनिटे थांबून पाहावेतच. ज्या खाणावळीत अशी ताजी पोळी लाटली जाते तिथे जेवण चांगले मिळते, असा माझा अनुभव आहे.

मांसाहार करणाऱ्यांनी पावसाच्या दिवशी तोर्तेल्लीनी इन ब्रोदो मागवावे. डुकराचे मांस, मोर्तादेल्ला हे डुकराच्या मांसाचे सॉसेज, पार्मिजानो चीज आणि जायफळ यांचे सारण भरलेल्या बोटाच्या पेरापेक्षाही लहान पुरचुंड्या कढत रश्शात येतात आणि पहिल्या चमच्यातच अंगातली थंडी उतरते. रागूबरोबर, म्हणजे खिम्याच्या सॉसबरोबर, मात्र स्पागेत्ती मागू नये. बोलोन्यात रागू ताल्यातेल्ले या चपट्या पट्ट्यांच्या पास्त्याबरोबरच खातात. शिजलेल्या ताल्यातेल्लेच्या पट्टीची रुंदी 8 मिलिमीटर असावी, हे 1972 मध्ये तिथल्या वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवलेले आहे.

शाकाहारी मंडळींनी थोडे अधिक सावध असावे, कारण या प्रांताच्या स्वयंपाकात डुक्कर अनपेक्षित ठिकाणी भेटते. साध्या दिसणाऱ्या तळलेल्या किंवा भाजलेल्या पावातही डुकराची चरबी असू शकते. तिला स्त्रुत्तो म्हणतात, हा शब्द पाठच करावा. ब्रोदो हा मांसाचाच रस्सा असतो. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील विरजणाने बनते, त्यामुळे कडक नियम पाळणाऱ्यांनी तेही वर्ज्य समजावे. तेवढा कटाक्ष नसेल आणि अंडे चालत असेल, तर रिकोता हे मऊ चीज भरलेल्या मोठ्या तोर्तेल्लोनी लोणी आणि सेज या सुगंधी वनस्पतीच्या पानांबरोबर मागवाव्यात. त्यासाठी 'बुर्रो ए साल्व्हिया' असे म्हणावे आणि सोबत 'सेंत्सा कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, हे स्पष्ट सांगावे. पाणी मागितल्यावर साधे की बुडबुड्यांचे असे विचारतात. साध्याला नातुराले म्हणतात. बिलात माणशी साधारण 2-3 युरो कोपेर्तो म्हणून लावलेले असतात. ती बैठकीची रूढ आकारणी आहे, तिच्यावरून वाद घालू नये.

जेवणानंतर आर्किजिन्नासिओत जावे. ही विद्यापीठाची सोळाव्या शतकातील जुनी इमारत. तिच्या भिंती आणि छते विद्यार्थ्यांच्या कुलचिन्हांनी भरलेली आहेत आणि वर लाकडाने मढवलेले शरीररचना-शिक्षणाचे सभागृह आहे. मधोमध संगमरवरी टेबल, भोवती पायऱ्यापायऱ्यांची बाके आणि अध्यापकाच्या आसनावरचे छत्र पेलणारे, कातडी सोललेल्या दोन माणसांचे लाकडी पुतळे. 29 जानेवारी 1944 च्या बाँबहल्ल्यात हे सभागृह उद्ध्वस्त झाले होते. ढिगाऱ्यातून वेचलेले लाकूडकाम वापरून ते पुन्हा उभे केले आहे. रविवारी ते बंद असते, याची नोंद ठेवावी. पाय दुखत असतील तर चौकातल्या सालाबोर्सा या सार्वजनिक ग्रंथालयात टेकावे. प्रवेश विनामूल्य आहे आणि काचेच्या जमिनीखाली रोमन काळातील अवशेष दिसतात.

हातात आणखी तीन तास असतील आणि गुडघे साथ देत असतील, तरच सान लुकाचा पोर्तिको चढावा. गावाच्या वेशीपासून टेकडीवरच्या देवस्थानापर्यंत 666 कमानींचा हा पोर्तिको सुमारे पावणेचार किलोमीटर जातो आणि त्याचे पावसाशी जुने नाते आहे. 1433 मध्ये अतिवृष्टीने पिके हातची जाऊ लागली, तेव्हा लोकांनी टेकडीवरचे मेरीचे चित्र मिरवणुकीने गावात आणले आणि पाऊस थांबला, अशी श्रद्धा आहे. ते चित्र आजही दरवर्षी गावात आणतात. यात्रेकरूंना उन्हापावसात आडोसा मिळावा म्हणून 1674 पासून हा पोर्तिको बांधला गेला. पहिला टप्पा सपाट आहे, मेलोन्चेल्लोच्या कमानीनंतर चढ लागतो. वेळ कमी असेल तर तिथूनच परत फिरावे.

खरेदी शेवटी करावी, म्हणजे ओझे वागवावे लागत नाही. सुकवलेले पोर्चीनी अळंबे आणि मोदेनाचा पारंपरिक बाल्सामिक सिरका या दोन वस्तू घेण्याजोग्या आहेत; सिरक्याची नियमानुसार ठरलेली बाटली 100 मिलिलिटरची असते, तरी ती मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवणे बरे.

विमानतळासाठी स्थानकापासून मार्कोनी एक्सप्रेस ही मोनोरेल आहे आणि ती सुमारे सात मिनिटांत पोहोचवते. पावसात टॅक्सी मिळायला वेळ लागतो, म्हणून हाच मार्ग धरावा, पण एखादी फेरी चुकली तरी अडणार नाही इतक्या लवकर निघावे. स्थानकाकडे जाण्यापूर्वी एखाद्या मिठाईच्या दुकानातून तोर्ता दी रीसो घ्यावी. दुधात शिजवलेला तांदूळ, साखर, बदाम, पाकवलेल्या महाळुंगाचे तुकडे आणि अंडी यांचा हा केक शंकरपाळ्याच्या आकारात कापून विकतात आणि वरच्या खरपूस थराखाली त्याची चव आटवलेल्या तांदळाच्या खिरीच्या फार जवळ जाते. विमानतळावर पोहोचल्यावर मोजे बदलावेत, ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावेत आणि केकचे तुकडे केबिनच्या बॅगेत वरच्या कप्प्यात ठेवावेत. मध्यरात्रीनंतर दुबईच्या थांब्यावर मुलांना भूक लागते, तेव्हा तेच उपयोगी पडतात.