सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर आणि सीबी१ रिसेप्टरवर काम करताना या चुका टाळा

सर्ट, म्हणजे सेरोटोनिन पेशीत वाहून नेणारे प्रथिन (सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर), आणि कॅनाबिनॉइडला बांधणारा सीबी१ रिसेप्टर यांचा अभ्यास हल्ली अनेकदा एकाच प्रकल्पात होतो. पण दोन्हींचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. सर्टचा रेणू सेरोटोनिन पाण्यात सहज विरघळतो, पण तिथेच ऑक्सिडाइझ होतो. कॅनाबिनॉइड, म्हणजे भांगेतल्या टीएचसीसारखे रेणू, पाण्यात थांबायलाच तयार नसतात. नळी, टिप, फिल्टर, जे सापडेल त्याला ते चिकटतात. एका चाचणीचा प्रोटोकॉल दुसरीला तसाच लावला की आकडे येतात, आलेखही सुबक दिसतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा असतो.

अपटेक मोजताना

अपटेक म्हणजे पेशीने सेरोटोनिन आत घेणे. तो मोजताना सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे इन्क्युबेशन, म्हणजे पेशी सेरोटोनिनसोबत ठेवण्याचा वेळ, लांबवणे. किरणोत्सारी लेबलचे काउंट कमी आले म्हणून ५ मिनिटांऐवजी ३० मिनिटे ठेवली जातात. तोपर्यंत आत गेलेले सेरोटोनिन बाहेरही पडू लागलेले असते आणि मोजलेला आकडा वाहतुकीचा वेग उरत नाही. नवी पेशी किंवा नवे सिनॅप्टोसोम (मेंदूतून वेगळी काढलेली चेतातंतूंची टोके) हाती आले की आधी १, २, ५, १० आणि २० मिनिटांचा आलेख काढा आणि त्यातल्या सरळ रेषेच्या भागातच काम करा. सिनॅप्टोसोममध्ये हा भाग बहुधा काही मिनिटांतच संपतो.

सेरोटोनिनचे द्रावण रोज ताजे करा, प्रकाशापासून झाका आणि बफरमध्ये १०० मायक्रोमोलर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घाला. द्रावण तपकिरी झाले असेल तर फेकून द्या. मेंदूच्या ऊतीत सेरोटोनिन तोडणारे मोनोअमाइन ऑक्सिडेज असते, म्हणून त्याला रोखणारे पार्जिलिनही १० मायक्रोमोलर लागते.

अविशिष्ट, म्हणजे सर्टशिवाय होणारा, अपटेक ठरवताना फक्त बर्फावरच्या नळ्यांवर भागवू नका. थंडीत सर्वच वाहतूक मंदावते, त्यामुळे सर्टचा वाटा फुगून दिसतो. १० मायक्रोमोलर फ्लुऑक्सेटिन किंवा १ मायक्रोमोलर पॅरोक्सेटिन हे सर्टचे अवरोधक वापरा. शेजारी सोडियमऐवजी कोलीन घातलेल्या बफरचा एक संच ठेवा, कारण सर्टला सोडियम आणि क्लोराइड दोन्ही लागतात. सेरोटोनिनची सांद्रताही केएमच्या, म्हणजे वाहतूक कमाल वेगाच्या निम्मी होते त्या सांद्रतेच्या, आसपास किंवा त्याखाली असू द्या. सर्टसाठी केएम साधारण अर्ध्या मायक्रोमोलरच्या आत येतो. कित्येक मायक्रोमोलर सेरोटोनिन दिले तर ओसीटी३ आणि पीमॅटसारखे कमी आसक्तीचे वाहकही कामाला लागतात, आणि त्यांचे काम सर्टच्या खात्यात जमा होते.

अपटेक कमी झाला म्हणजे रेणू सर्टचा अवरोधक आहे, हे गृहीत धरू नका. एमडीएमए किंवा फेनफ्लुरामिन सर्टमधून स्वतः आत जातात आणि सेरोटोनिन बाहेर काढतात. अपटेकच्या आलेखात ते सिटालोप्राम या अवरोधकासारखेच दिसतात. फरक कळतो तो बहिर्वाहाच्या चाचणीत. पेशी आधी लेबल केलेल्या सेरोटोनिनने भरून घ्या, धुवा, मग रेणू द्या. १० मायक्रोमोलर मोनेन्सिन घालून सोडियमचा उतार मोडला की सब्स्ट्रेटमुळे, म्हणजे सर्टमधून आत जाणाऱ्या रेणूमुळे, होणारा बहिर्वाह वाढतो, निव्वळ अवरोधकाने तसा वाढत नाही.

बायंडिंग: लिगँड संपतो आणि कळत नाही

बायंडिंगच्या चाचणीत लेबल केलेला लिगँड, म्हणजे प्रथिनाला बांधणारा रेणू, किती बांधला गेला ते मोजतात. ट्रिशियमयुक्त पॅरोक्सेटिन या लिगँडची आसक्ती फार तीव्र आहे. केडी (निम्म्या जागा भरणारी मुक्त सांद्रता) ०.१ नॅनोमोलरच्या आसपास धरा. आता २५० मायक्रोलीटरच्या वेलमध्ये ०.१ नॅनोमोलर लिगँड घातला तर त्याची एकूण मात्रा २५ फेम्टोमोल झाली. मेम्ब्रेनमध्ये प्रति मिलिग्रॅम १ पिकोमोल सर्ट असेल आणि तुम्ही २० मायक्रोग्रॅम प्रथिन टाकले, तर बांधणीच्या जागा २० फेम्टोमोल. समीकरण सोडवले की दिसते, सुमारे एकतृतीयांश लिगँड बांधला जातो. मुक्त सांद्रता तुम्ही कागदावर लिहिलेल्या आकड्याहून बरीच खाली जाते आणि केडी उगाच मोठा निघतो. बांधलेला भाग एकूण लिगँडच्या १० टक्क्यांच्या आत राहायला हवा. वरच्याच उदाहरणात आकारमान २ मिलिलीटर आणि प्रथिन ५ मायक्रोग्रॅम केले की तो भाग १ टक्क्याच्या जवळ येतो. पॅरोक्सेटिन सावकाश सुटतो, त्यामुळे कमी सांद्रतेला समतोल यायलाही वेळ लागतो. एक तास पुरतो का, हे वेळेचा आलेख काढूनच ठरवा.

आयसी५० (निम्मा अवरोध करणारी सांद्रता) वरून केआय (अवरोधकाच्या आसक्तीचा आकडा) काढताना चेंग-प्रुसॉफचे सूत्र लावतात, पण समतोल आला नसेल किंवा लिगँड संपत असेल तर ते सूत्र लागू होत नाही.

कॅनाबिनॉइड: रेणू नळीत उरला आहे का?

सीबी१च्या कामात बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून इथे सवड काढा. सीपी५५,९४०, टीएचसी, अ‍ॅनंडामाइड हे सगळे चरबीत रमणारे रेणू. स्टॉक डीएमएसओ किंवा इथेनॉलमध्ये करा आणि पुढची सगळी क्रमवार विरलने त्याच द्रावकात करा. बफरमध्ये फक्त शेवटची पायरी करा. पाण्यात विरलन करत गेलात तर प्रत्येक नळी थोडा रेणू गिळते आणि टिप बदलली नाही तर वरच्या नळीतला रेणू खाली वाहून येतो. दोन्ही चुकांनी आलेखाचा उतार बिघडतो. द्रावकाचे अंतिम प्रमाण सर्व वेलमध्ये सारखे ठेवा, शक्यतो ०.१ टक्का.

बफरमध्ये बीएसए हे अल्ब्युमिन प्रथिन घाला: फॅटी अ‍ॅसिडमुक्त, १ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर. साधा बीएसए चालत नाही, कारण त्यावर आधीच फॅटी अ‍ॅसिड बसलेली असतात. मात्र बीएसए कॅनाबिनॉइडलाही धरून ठेवतो. त्याचे प्रमाण बदलले की मुक्त सांद्रता बदलते आणि ईसी५० (निम्मा परिणाम देणारी सांद्रता) सरकतो. वेगवेगळ्या बीएसएमध्ये काढलेल्या क्षमता एका तक्त्यात शेजारी मांडू नका.

नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा सिलिकॉनलेप दिलेल्या काचेच्या घ्या. फिल्टर ०.१ टक्का पॉलिइथिलिनइमाइनमध्ये किमान तासभर भिजवा आणि धुण्याच्या थंड बफरमध्येही बीएसए ठेवा. एवढे करूनही अविशिष्ट बांधणी एकूण बांधणीच्या निम्म्याहून जास्त राहिली तर पुढे जाऊ नका, कारण शोधा. एक सोपी तपासणी आहे. लेबल केलेल्या कामाच्या द्रावणातून ५० मायक्रोलीटर सुरुवातीला आणि तेवढेच तासाभराने काउंटरला द्या. काउंट घटले असतील तर रेणू भिंतीवर बसला आहे.

सीपी५५,९४० सीबी१ आणि सीबी२ (प्रामुख्याने रोगप्रतिकारक पेशींतला दुसरा कॅनाबिनॉइड रिसेप्टर) दोन्हींना जवळपास सारख्याच आसक्तीने बांधतो. प्लीहेसारख्या ऊतीत त्याचा आकडा सीबी१चा म्हणून सांगता येत नाही.

अ‍ॅनंडामाइड वापरताना आणखी एक गोष्ट सांभाळा. मेंदूच्या मेम्ब्रेनमधले एफएएएच एन्झाइम त्याला तोडते आणि आसक्ती खोटीच कमी दिसते. या एन्झाइमला रोखणारा पीएमएसएफ ५० ते १०० मायक्रोमोलर घाला, पण ऐनवेळी, कारण पाण्यात तो स्वतःच लवकर विघटित होतो. सकाळी बनवलेल्या बफरमधला पीएमएसएफ दुपारी असून नसल्यासारखा. मेथअ‍ॅनंडामाइड हा जास्त टिकाऊ पर्याय आहे.

रिसेप्टर जी-प्रथिनाला किती चालू करतो हे जीटीपी-गॅमा-एस चाचणीत मोजतात; तिथे जीडीपीचे प्रमाण आधी १०, ३० आणि १०० मायक्रोमोलरला तपासून घ्या. कमी जीडीपीत मूळ पातळी इतकी वर असते की उत्तेजन दिसत नाही. आणि सीबी१ रोखणाऱ्या रिमोनाबंटला निव्वळ प्रतिबंधक समजू नका. तो इन्व्हर्स अ‍ॅगोनिस्ट आहे, त्यामुळे तो एकटाच दिला तरी मूळ पातळी खाली येऊ शकते. ती घट म्हणजे ऊतीत एंडोकॅनाबिनॉइड (शरीराचे स्वतःचे कॅनाबिनॉइड) होते याचा पुरावा नव्हे. शंका असेल तर एएम४११३ सारखा तटस्थ प्रतिबंधक शेजारी चालवा.

दोन्ही एकत्र आले की

“कॅनाबिनॉइडने सेरोटोनिनचा अपटेक कमी केला, म्हणजे सीबी१ सर्टला आवरतो.” हे वाक्य लिहिण्याआधी थांबा. मायक्रोमोलर सांद्रतेला कित्येक कॅनाबिनॉइड रिसेप्टरशिवायही अपटेक कमी करतात. सीपी५५,९४० सीबी१वर नॅनोमोलर पातळीला काम करतो. तुमचा परिणाम १० मायक्रोमोलरलाच दिसत असेल तर संशय थेट परिणामाचाच घ्या. रिमोनाबंटने परिणाम उलटतो का, सीबी१ नसलेल्या पेशींत किंवा नॉकआउट (सीबी१चे जनुक काढलेल्या प्राण्याच्या) ऊतीत तो टिकतो का, सीबी१ चालू करणाऱ्या विन५५,२१२-२ ऐवजी त्याचा निष्क्रिय जोडीदार विन५५,२१२-३ दिल्यावर काय होते, रात्रभर १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर पर्ट्युसिस टॉक्सिन (सीबी१चे जी-प्रथिन बंद करणारे) दिल्यावर काय होते, या चारही प्रश्नांची उत्तरे हवीत. एकट्या रिमोनाबंटवर विसंबू नका, मायक्रोमोलर मात्रेत त्याचीही निवडकता टिकत नाही.

प्राण्यांत मात्रेचा आलेख काढल्याशिवाय बोलू नये. विन५५,२१२-२ कमी मात्रेत मेंदूच्या खोडातल्या डॉर्सल राफेतील सेरोटोनिन न्यूरॉनची सक्रियता वाढवतो आणि जास्त मात्रेत घटवतो. एकच मात्रा दिली तर दोन प्रयोगशाळांची उत्तरे विरुद्ध येतील आणि दोन्ही बरोबर असतील. इथेनॉल आणि ट्वीनच्या वाहक द्रावणाचा नियंत्रण गटही हवाच.

उरलेले थोडे

सर्टचा वेस्टर्न ब्लॉट करताना नमुना ९५ अंशांना उकळू नका. पटलातली प्रथिने गोळा होऊन वेलमध्येच अडकतात. ३७ अंशांना अर्धा तास पुरतो. सीबी१चे अँटिबॉडी नॉकआउट ऊतीवर तपासल्याशिवाय कोणत्याही पट्टीवर विश्वास टाकू नका.

एका प्लेटवरच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या मेम्ब्रेनवर किंवा वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर केलेला प्रयोगच एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) मध्ये मोजा, आणि सरासरी आयसी५०ची न काढता त्याच्या लॉगची काढा.