वसाहतीतला कचरा उचलणाऱ्या धावपटूंनो, या चुका टाळा

धावता धावता कचरा वेचण्याचा प्रघात २०१६ च्या सुमारास स्वीडनमध्ये सुरू झाला आणि पुढे मुंबईतल्या धावपटूंच्या गटांनीही तो उचलला. परंतु रस्त्याकडेची रिकामी बाटली पिशवीत टाकणे वेगळे आणि विक्रोळीचे कन्नमवार नगर किंवा चेंबूरचे टिळक नगर यांसारख्या जुन्या म्हाडा वसाहतींत एखाद्या हाउसगल्लीत (दोन इमारतींच्या मागच्या बाजूंमधल्या अरुंद बोळात) महिनोन्‌महिने साचलेला ढीग उपसणे वेगळे. पहिले काम धावताना होते, दुसऱ्यासाठी थांबावे लागते. बहुतेक चुका हा फरक लक्षात न घेतल्याने होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे भरलेल्या गोण्या कुठे जाणार हे न ठरवताच कामाला लागणे. सकाळी उत्साहाने वीस-पंचवीस गोण्या भरल्या जातात, त्या नाक्यावर रचून ठेवल्या जातात आणि मंडळी पोहे खाऊन घरी जातात. दुपारपर्यंत भंगार वेचणारे गोण्या उसवतात, कुत्री उरलेले ओढून नेतात आणि गल्लीतला कचरा रस्त्यावर येतो. हे टाळायचे तर दोन-तीन दिवस आधी त्या भागाच्या सफाई चौकीवर जाऊन मुकादमांना भेटावे, गाडी किती वाजता आणि कोणत्या बाजूने येते ते विचारावे आणि त्या वेळेपासून उलटे मोजून कामाची सुरुवात ठरवावी. धावपटूंना रविवार सोयीचा असला, तरी त्या दिवशी गाडी व माणसे पुरेशी असतील असे गृहीत धरू नये. शक्य असल्यास शनिवार निवडावा. ठरलेली गाडी आलीच नाही, तर पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि गोण्या उचलल्या जाईपर्यंत निदान दोघांनी तिथे थांबावे.

दुसरा घोळ हद्दीचा असतो. ढीग सोसायटीच्या आवारात आहे, म्हाडाच्या मोकळ्या जागेत आहे की पालिकेच्या रस्त्यावर, यावर तो उचलण्याची जबाबदारी कोणाची हे ठरते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात पटाईत असतो. आवारातली जागा असेल, तर सोसायटीच्या सचिवांचे लेखी पत्र सोबत ठेवावे. तोंडी ‘करा हो, काही हरकत नाही’ हे ऐन वेळी कोणाच्याच आठवणीत राहत नाही.

राडारोड्याच्या बाबतीत मात्र उत्साहाला आवर घालावा. घरदुरुस्तीतून निघालेल्या फुटक्या लाद्या, विटा आणि प्लॅस्टरचे तुकडे घरगुती कचऱ्याच्या गाडीत घेतले जात नाहीत. ते इतर कचऱ्यात मिसळले, की अख्खी गोणी परत येते. त्यासाठी पालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. राडारोडा जास्त असेल, तर तिचे शुल्क भरावे लागू शकते. ते कोण भरणार हे आधीच ठरवावे. अशा ढिगात जुने सिमेंटचे पत्रे असतील, तर ते मोडून लहान करण्याचा मोह टाळावा, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. तसे पत्रे जागेवरच ठेवून पालिकेच्या विभाग कार्यालयाला कळवावे.

आता पायांकडे पाहू. रनिंग शूजची वरची जाळी आणि तळाचा मऊ फोम धावण्यासाठी उत्तम, पण ढिगावर उभे राहण्यासाठी अगदी कुचकामी: गंजलेला खिळा त्यातून सहज आरपार जातो. हाउसगल्लीतल्या ढिगाचा वरचा थर खिडक्यांतून फेकलेल्या उष्ट्याच्या पिशव्यांचा असतो. त्याखाली डायपर, फुटलेल्या ट्यूबलाइट, कधी इन्सुलिनच्या सुया निघतात. म्हणून गमबूट आणि जाड रबरी हातमोजे घालावेत, पिशवी हाताने दाबून जागा करू नये आणि सुया चिमट्याने उचलून झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या बरणीत टाकाव्यात. धनुर्वाताची लस घेतल्याचीही खात्री करून घ्यावी. पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या गल्लीत शिरूच नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या जखमेला लागले, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. असे घडल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठावे.

लांब पल्ला धावून मग गोण्या उचलणे, हा क्रमही चुकीचा आहे. मुंबईच्या दमट हवेत घामाने अंगातले पाणी गेलेले असते, कंबर थकलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी ओले, जड ओझे उचलले जाते. अंग मोकळे होईल एवढेच आधी धावावे. गोणी अर्धीच भरावी आणि ती दोघांनी मिळून उचलावी.

इतके करूनही पंधरा दिवसांत ढीग पुन्हा दिसू लागला, तर रहिवाशांना बेशिस्त ठरवणारे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. त्याने माणसे दुरावतात आणि पिशव्या रात्री पडू लागतात. त्याऐवजी पिशव्या कोणत्या वेळी पडतात ते पाहावे. घंटागाडी नऊला येत असेल आणि घरातली सगळी माणसे आठच्या लोकलला निघत असतील, तर डबा बाहेर नेणार कोण? अशा ठिकाणी गाडीची वेळ बदलून मागणारा, रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज विभाग कार्यालयात द्यावा, आणि तो मंजूर होईपर्यंत प्रत्येक मजल्यावरून डबे खाली आणण्यासाठी सोसायटीने एखादा माणूस नेमावा.