या चुका टाळा: काटा, घाम आणि ठणकणाऱ्या मांड्या

व्यायामाला जोड म्हणून पिष्टमय पदार्थ बंद केले आणि आठवड्यात काटा दोन किलोंनी उतरला, की आनंद होणारच. पण उतरले ते बहुतेक पाणी. स्नायू आणि यकृत मिळून साधारण 500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे पिष्टमय पदार्थांतून आलेली साखर, साठवतात आणि त्यातला एकेक ग्रॅम जवळपास 3 ग्रॅम पाणी धरून असतो. साठा आटला की पाणीही जाते. दोन किलो चरबी आठवड्यात घालवायची तर रोज सुमारे 2200 कॅलरींची तूट हवी. एवढे उपाशी तुम्ही नक्कीच नव्हता.

खरी अडचण पुढेच येते. रमतगमत चालताना चरबीवर भागते, पण वेग वाढला की शरीर ग्लायकोजेन मागते, कारण चरबीतून ऊर्जा तितक्या झपाट्याने निघत नाही. मग नेहमीच्याच चढावर पाय शिशाचे होतात. आपण समजतो स्टॅमिना कमी पडतोय, आणि सराव आणखी वाढवतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! रोज तासभर जोरदार सराव असेल तर वजनाच्या दर किलोमागे 5 ते 7 ग्रॅम कर्बोदके लागतात. ती आधी पानात परत आणा.

जाड जॅकेट घालून घाम गाळणाऱ्यांना काय सांगावे? घाम उडून जाताना अंगातली उष्णता नेतो, तेवढेच त्याचे काम. तो अडवला तर चरबी नाही, फक्त ताप वाढतो.

काट्याचा खरा उपयोग इथे आहे. सरावाआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. जितके किलो घटले, त्यात मध्ये प्यायलेले लिटर मिळवा. तेवढा घाम गेला. घट वजनाच्या 2 टक्क्यांहून जास्त असेल तर पुढच्या वेळी थोडे अधिक प्या. वजन वाढले असेल तर मात्र सावध व्हा. तहान नसताना ढोसलेल्या पाण्याने रक्तातले सोडियम पातळ होते. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांचे सोडियम घसरलेले निघाले आणि त्याच्याशी सर्वांत घट्ट नाते होते ते धावताना वाढलेल्या वजनाचे. लांब धावल्यावर कुणी मळमळ, डोकेदुखीसह असंबद्ध बोलू लागला तर त्याला आणखी पाणी पाजू नका, तातडीने डॉक्टरांकडे न्या.

प्रथिनांचा बाऊ फार झालाय. किलोमागे 1.4 ते 2 ग्रॅम दिवसभरात विभागून घेतली की बहुतेकांचे भागते.

राहिले ते लॅक्टिक ॲसिड, ज्याच्यावर सगळ्या दुखण्याचे खापर फुटते. जोरदार व्यायामात स्नायूंत तयार होणारे हे ॲसिड शरीरात लॅक्टेटच्या रूपात असते आणि व्यायामानंतर तासाभरात त्याची पातळी पूर्वपदावर येते. हृदय तर ते इंधन म्हणून वापरते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात त्या, ताणल्या जात असतानाच भार पेलावा लागल्याने. उतारावर धावणे हे त्याचे नेमके उदाहरण. हे दुखणे 24 ते 72 तासांत सर्वाधिक असते आणि आपसूक ओसरते. तोवर हलकी हालचाल चालू ठेवा. मात्र दुखणे असह्य असेल, स्नायू सुजले असतील आणि लघवी गडद तपकिरी होत असेल तर स्नायूंचा चुरा रक्तात उतरून मूत्रपिंडावर येतोय असे समजा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.