मत देण्यापूर्वी स्वतःची माहिती कशी तपासावी

मतदार अज्ञानी असतात अशी तक्रार करणारा बहुधा इतर मतदारांविषयी बोलत असतो. येथे मात्र तोच प्रश्न स्वतःला कसा विचारावा, आणि उत्तर समाधानकारक आले नाही तर निवडणुकीपूर्वी हाताशी असलेल्या थोड्या वेळात काय करता येईल, याचा विचार केला आहे.

सामान्य माणूस राजकारणाची फारशी माहिती ठेवत नाही, यामागे आळसापेक्षा हिशेब अधिक असतो. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये तो हिशेब मांडला. लाखो मतांच्या निवडणुकीत एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य असते, माहिती मिळवण्यासाठी लागणारा वेळ मात्र खराखुरा खर्च होतो. म्हणून फारसे काही न वाचणे हा प्रत्येकाच्या दृष्टीने व्यवहार्य निर्णय ठरतो, आणि त्याचे परिणाम सर्वांना मिळून भोगावे लागतात. यावर कोणी म्हणेल, की एकेकट्याच्या चुकांनी काय बिघडते, समूहात त्या आपोआप एकमेकींना छेद देतात. फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्से याने १७८५ मध्ये या आशेला गणिती रूप दिले होते. प्रत्येकाची योग्य निवड करण्याची शक्यता निम्म्याहून थोडीशी जरी अधिक असेल, आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे ठरवत असेल, तर मतदारांची संख्या वाढत जाते तसतसा बहुमताचा निर्णय अचूक ठरण्याची शक्यताही वाढते. पण तीच शक्यता निम्म्याहून कमी असेल, तर समूह जितका मोठा तितकी चूक पक्की होते. आणि सगळे एकाच अफवेवर विसंबून असतील तर स्वतंत्रपणाची अट मुळातच मोडते. म्हणूनच राजकारणातील सर्व काही जाणून घेण्याचा अट्टहास मतदाराने धरू नये. आपला निर्णय ज्यांच्यामुळे बदलू शकतो अशा मोजक्या गोष्टी शोधाव्यात, आणि त्यांच्याबाबत तरी सर्वांबरोबर वाहून जाऊ नये.

पहिले काम: पद आणि अधिकार

उमेदवारांविषयी काही वाचण्याआधी, ज्या पदासाठी निवडणूक आहे त्याच्याकडे कोणते अधिकार आहेत हे पाहून घ्यावे. ही पायरी सर्वाधिक वगळली जाते. पाणीपुरवठा, पोलीस, शाळा, चलन, परराष्ट्र संबंध हे विषय बहुतेक देशांत शासनाच्या वेगवेगळ्या स्तरांवर वाटलेले असतात, आणि ज्या विषयावर त्या पदाचा काहीही ताबा नाही त्यावरून ते पद कोणाला द्यायचे हे ठरवणे म्हणजे माहिती असूनही ती वाया घालवणे होय. या गोंधळाचा फायदा उमेदवारही पुरेपूर घेतात. स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत राष्ट्रीय सुरक्षेवर भाषणे ठोकणाऱ्या उमेदवाराला गटारांविषयी प्रश्न विचारला जाण्याची भीती उरत नाही. त्या पदाच्या अधिकारांतील, आपल्याला खरोखर महत्त्वाचे वाटणारे दोन-तीन विषय निवडावेत आणि पुढचे सगळे वाचन त्यांच्यापुरते मर्यादित ठेवावे. त्याच वेळी, आज मतदान झाले तर आपण कोणाला मत देऊ आणि का, हेही एका-दोन वाक्यांत लिहून ठेवावे.

समजते असे वाटणे आणि प्रत्यक्षात समजणे

निवडलेल्या प्रत्येक विषयावर आपल्या पसंतीच्या उमेदवाराची भूमिका घ्यावी आणि ती अमलात आली तर नेमके काय घडेल, हे टप्प्याटप्प्याने लिहून पाहावे. पैसा कोठून येईल, निर्णय कोण घेईल, कोणाच्या वागण्यात कोणता बदल होईल, आणि त्यातून अपेक्षित परिणाम कसा साधेल, अशी सगळी साखळी कागदावर यावी. येथे ‘ही भूमिका मला का आवडते’ याचे उत्तर लिहायचे नाही. ‘ती कशी चालेल’ याचे लिहायचे आहे. फरक किरकोळ वाटतो, पण सारी मदार त्याच्यावर आहे. फिलिप फर्नबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही सरकारी धोरणे प्रत्यक्षात कशी काम करतील हे समजावून सांगायला लावले. तेव्हा त्या धोरणांविषयीची आपली समज किती आहे याचा त्यांचा स्वतःचा अंदाज खाली आला, आणि त्यांची मतेही काहीशी मवाळ झाली. ज्यांना केवळ आपल्या मताची कारणे द्यायला सांगितले त्यांच्या मतांचा जोर मात्र तसा कमी झाला नाही. कारणे देताना आपण स्वतःचीच वकिली करतो. कार्यपद्धती समजावून सांगताना आपल्या माहितीतील भोके आपल्यालाच दिसू लागतात.

साखळीत जेथे लेखणी अडते तेथेच वाचनाची गरज असते. अर्थसंकल्पाचा सारांश, सभागृहातील चर्चेची नोंद किंवा लेखापरीक्षणाचा अहवाल यांपैकी एखादा मूळ दस्तऐवज त्या एका मुद्द्यासाठी चाळावा. तो पूर्ण वाचण्याची आवश्यकता नाही.

आकड्यांच्या बाबतीत एक पथ्य पाळावे: आकडा पाहण्यापूर्वी स्वतःचा अंदाज लिहावा. अमेरिकेत कैसर फॅमिली फाउंडेशनने केलेल्या पाहण्यांत, केंद्रीय खर्चाचा किती हिस्सा परदेशी मदतीवर जातो या प्रश्नाला आलेल्या उत्तरांची सरासरी पाव हिश्श्याहून अधिक होती, तर प्रत्यक्ष हिस्सा एक टक्क्याच्या आसपास होता. ज्याचा अंदाज इतका चुकतो तो मतदार केवळ अनभिज्ञ नसतो, त्याला ठामपणे चुकीची माहिती असते, आणि ही दुसरी स्थिती अधिक त्रासदायक आहे, कारण ज्याला आपल्याला माहीत आहे असे वाटते तो शोधायला जातच नाही. लिहिलेला अंदाज आणि खरा आकडा शेजारी ठेवले की ‘मला साधारण माहीतच होते’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

कार्यकाळाचा हिशेब

उमेदवार त्याच पदावर काम करून पुन्हा उभा असेल, तर त्याच्या आश्वासनांपेक्षा त्याची कारकीर्द पाहणे सोपे आणि अधिक भरवशाचे असते. मात्र ती पाहण्याच्या आपल्या सवयी सदोष आहेत. अँड्र्यू हिली आणि गॅब्रिएल लेंझ यांनी २०१४ मध्ये दाखवले, की अमेरिकी मतदारांना अध्यक्षाच्या संपूर्ण कार्यकाळातील अर्थव्यवस्था तोलायची असते, पण संपूर्ण कार्यकाळाची माहिती सहज हाताशी नसल्यामुळे ते निवडणुकीच्या वर्षावरच निर्णय घेतात. हीच माहिती एकत्रित आणि सोप्या स्वरूपात समोर ठेवली, की शेवटच्या वर्षाचा हा पगडा बराच ओसरतो. यावरचा उपाय मतदाराला स्वतः करता येतो. ज्या गोष्टीवरून आपण कारभार जोखणार आहोत तिचे कार्यकाळाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे मिळवावेत, मधल्या प्रत्येक वर्षाचाही आकडा मिळत असेल तर तो ओळीने मांडावा, आणि अखेरच्या काही महिन्यांत झालेल्या उद्घाटनांचा, सवलतींचा आणि घोषणांचा विचार त्या ओळीतील एका भागापुरताच करावा.

दुसरा दोष श्रेयाच्या वाटपाचा. तेलाचे भाव वाढले की अमेरिकेतील तेल-उत्पादक राज्यांचे गव्हर्नर पुन्हा निवडून येण्याची शक्यता वाढते, असे जस्टिन वुल्फर्स यांच्या अभ्यासात आढळले. वास्तविक जगाच्या बाजारातील तेलाचा भाव कोणताही गव्हर्नर ठरवत नाही. भारतातील राज्यांच्या निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या शॉन कोल, अँड्र्यू हिली आणि एरिक वर्कर यांनाही असे दिसले, की प्रतिकूल पावसाची शिक्षा मतदार सत्ताधाऱ्यांना देतात. संकटात सरकारने तत्परतेने मदत केली असेल तर ती शिक्षा सौम्य होते, पण पूर्णपणे टळत नाही. म्हणून कोणताही आकडा एकटा वाचू नये. तशीच परिस्थिती असलेल्या, पण दुसऱ्या कोणाच्या हाती कारभार असलेल्या दोन-तीन प्रदेशांचे त्याच काळातील आकडे शेजारी ठेवावेत. सगळीकडेच वाढ झाली असेल तर श्रेय आणि सगळीकडेच घसरण झाली असेल तर दोष, दोन्ही आवरते घ्यावे.

येथे आणखी एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागते, कारण ती आपण होऊन डोळ्यांत भरत नाही. हिली आणि नील मल्होत्रा यांनी २००९ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, आपत्तीनंतर वाटलेल्या मदतीचे फळ सत्ताधाऱ्यांना मतांच्या रूपाने मिळते, पूर्वतयारीवरील खर्चाचे मिळत नाही; आणि त्यांच्याच हिशेबाप्रमाणे पूर्वतयारीचा एक डॉलर पुढील काळातील सुमारे १५ डॉलरचे नुकसान वाचवतो. जे घडलेच नाही त्याचे आभार कोण मानणार? तरीही मावळत्या प्रतिनिधीची कारकीर्द तपासताना देखभाल, दुरुस्ती, साथप्रतिबंध, पूरनियंत्रण अशा बिनबोभाट खर्चांचे काय झाले हे अर्थसंकल्पात अवश्य पाहावे.

नव्या उमेदवाराची अशी कारकीर्द नसते, आणि मग डोळे चेहऱ्याकडे वळतात. अलेक्झांडर टोडोरोव्ह यांच्या २००५ मधील अभ्यासात सहभागी झालेल्यांना अमेरिकी सिनेटच्या प्रतिस्पर्धी उमेदवारांची केवळ छायाचित्रे दाखवण्यात आली. कोण अधिक सक्षम दिसतो यावर त्यांनी दिलेला कौल सुमारे ७० टक्के लढतींत प्रत्यक्ष निकालाशी जुळला. मतपत्रिकेवरील क्रमाचाही परिणाम होतो. ऑस्ट्रेलियात उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे क्रमांक लिहायचे असतात, पण काही मतदार वरून खाली ओळीने नुसते आकडे टाकत जातात, ही बाब इतकी सर्वपरिचित आहे की तेथील टास्मानिया राज्यात वेगवेगळ्या मतपत्रिकांवर नावे वेगवेगळ्या क्रमाने छापली जातात. अशा प्रभावांपासून कोणीही पूर्णतः मुक्त नसल्यामुळे, नव्या उमेदवारांची तुलना करताना छायाचित्रे आणि चित्रफिती शेवटी पाहाव्यात. आधी त्यांनी स्वतः सही करून जाहीर केलेली माहिती वाचावी. भारतात २००२ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे उमेदवारांना फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण शपथपत्रावर जाहीर करावे लागते. इतर अनेक देशांतही या ना त्या स्वरूपाची विवरणे उपलब्ध असतात. दाखल झालेला गुन्हा आणि सिद्ध झालेला गुन्हा यांत भेद करावा, आणि आरोपाच्या संख्येपेक्षा त्याचे स्वरूप पाहावे.

दुसऱ्याच्या शब्दावर किती विसंबावे

इतके करूनही बरेच विषय आपल्या आवाक्याबाहेर राहतात, आणि तेथे कोणाच्या तरी सांगण्यावर अवलंबून राहणे यात कमीपणा नाही. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील मतदारांसमोर विमासुधारणेचे पाच क्लिष्ट प्रस्ताव एकाच वेळी आले होते. त्या मतदानाचा अभ्यास करताना आर्थर लुपिया यांना आढळले, की प्रस्तावांचा तपशील ठाऊक नसलेल्या, पण विमा कंपन्या कोणत्या प्रस्तावाच्या बाजूने आहेत एवढेच ठाऊक असलेल्या मतदारांनी साधारणपणे तपशील जाणणाऱ्यांसारखेच मतदान केले. येथे मतदारांनी विमा कंपन्यांवर विश्वास ठेवला नव्हता. त्यांचे हित कशात आहे हे ओळखले होते. कोणाचीही शिफारस ऐकताना त्याला विषय कळतो का, त्याचे हित आपल्या हिताशी जुळते का, आणि त्याचे सांगणे खोटे ठरले तर त्याचे काही बिघडते का, असे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नावर निनावी संदेश आणि पुढे ढकललेल्या चित्रफिती बाद होतात. आपली मते विचारून जवळचा पक्ष सुचवणारी साधनेही उपयोगी पडतात. जर्मनीत २००२ पासून चालणारे ‘वाल-ओ-माट’ त्यांपैकी एक आहे. मात्र प्रश्न निवडणाऱ्यानेच विषय ठरवलेले असतात, त्यामुळे आपण निवडलेले विषय त्यात आहेत का हे पाहून घ्यावे.

माहिती मिळाली म्हणजे मत बदलतेच असेही नाही. २००८ मध्ये दिल्लीतील झोपडवस्त्यांत आमदारांच्या कामगिरीची आणि उमेदवारांच्या पार्श्वभूमीची माहिती छापलेली वृत्तपत्रे वाटली, तेव्हा मतदान वाढले आणि चांगली कामगिरी असलेल्यांना अधिक मते मिळाली, असे अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांना आढळले. पण बेनिन, ब्राझील, बुर्किना फासो, मेक्सिको आणि युगांडा येथील प्रयोगांचे एकत्रित निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा अशा माहितीचा मतांवर सरासरी परिणाम दिसला नाही. माझ्या मते याचे एक कारण असे, की नको असलेली माहिती हाती आल्यावर ती किती महत्त्वाची हे आपण तेव्हाच, आपल्या सोयीने, ठरवतो. त्यामुळे कोणती गोष्ट समोर आली तर मी माझा कौल बदलेन, हे कारकीर्द आणि शपथपत्र उघडण्यापूर्वी ठरवावे, आणि तीच अट प्रतिस्पर्ध्यालाही लावावी. बदलायला लावील अशी एकही गोष्ट सुचत नसेल, तर आपला निर्णय माहितीवर नव्हे, निष्ठेवर उभा आहे हे ध्यानात येते. निष्ठेने मत देण्यास कोणाची हरकत नाही. फक्त त्यासाठी वाचनात वेळ घालवण्याचे कारण नाही.

मतदानाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत नवी माहिती घेणे थांबवलेले चांगले. त्या सुमारास अचानक पुढे येणाऱ्या आरोपामागे न्यायालयाचा आदेश किंवा अधिकृत नोंद असेल तर ती स्वतः उघडून पाहावी. तसे काही नसेल तर, आरोप खरा निघण्याची शक्यता गृहीत धरूनही, तो निर्णयातून बाजूला ठेवावा, कारण त्याची शहानिशा होईपर्यंत मतमोजणी उरकलेली असते.