स्पेसर लावताना सगळं काम बैठकीचं

माझी ऑडी टीटी दुसऱ्या पिढीची, सेकंडहँड घेतलेली. माशेलला घराच्या अंगणात उभी असते. तिची मागची चाकं मडगार्डच्या आत दबल्यासारखी दिसतात, म्हणून गेल्या चवथीच्या आधी मी मागे १५ आणि पुढे १० मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर आणणाऱ्या धातूच्या जाड चकत्या, बसवले. त्याआधी एकदा हेच काम चुकीचं झालं होतं, त्यामुळे या वेळी प्रत्येक गोष्ट मोजून केली. कोणाला करायचं असेल तर तसंच करावं.

आधी जागा मोजायची. गवंडी वापरतात तो ओळंबा घ्या. गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये नेहमीची हवा, आत दोन माणसं बसलेली. मडगार्डच्या काठावरून दोरी सोडा आणि टायरचा सगळ्यात फुगलेला भाग दोरीपासून किती आत आहे ते बघा. माझ्याकडे मागे २२ आणि पुढे १६ मिलिमीटर भरले. मी निदान ५ मिलिमीटर शिल्लक ठेवतो, कारण खड्ड्यात चाक वर येतं तेव्हा ती जागा लागते. पुढची चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून आतलं प्लॅस्टिक कुठे घासेल तेही बघा. स्पेसरची जाडी ऑफसेटमधून वजा होते. ऑफसेट म्हणजे चाकाची मध्यरेषा आणि चाक गाडीला टेकतं ती बाजू यांतलं अंतर, चाकावर ते ‘ईटी’ असं मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. चाकावर ईटी ५२ असेल आणि १५ चा स्पेसर लावला तर ते ३७ झालं. चाक तेवढं बाहेर आलं, म्हणजे बेअरिंगवरचा ताणही वाढला. नुसत्या दिसण्यासाठी २५-३० चे स्पेसर लावणारे असतात, मी कोणाला तसं सांगणार नाही.

खरेदीच्या वेळी चार आकडे पाठ असू द्या. या गाडीला ५×११२ (पाच बोल्ट, ११२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर), मधलं भोक ५७.१ मिलिमीटर, बोल्ट एम१४ (१४ मिलिमीटर जाड), पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.५. स्पेसर हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) कड्यावर घट्ट बसणारा हवा आणि बाहेरच्या बाजूला चाकासाठी तसंच कडं हवं. नुसत्या सपाट चकत्या नकोत, त्या चाक मध्यभागी धरत नाहीत. मूळ बोल्ट २७ मिलिमीटरचे होते, म्हणून नवे मागे ४२ आणि पुढे ३७. जेवढी स्पेसरची जाडी तेवढीच वाढ, जास्त नको, कारण लांब बोल्ट मागून बाहेर येऊन ब्रेकच्या आतल्या भागांना लागू शकतो.

आता माझी पहिली चूक. बोल्टच्या डोक्याखालची बैठक दोन प्रकारची असते, गोल आणि निमुळती. ऑडीच्या मूळ अलॉय चाकांना गोल बैठक लागते. मला एका दुकानातून निमुळते बोल्ट मिळाले आणि मी न बघता लावले. ठरवलेला जोर लागला की टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) वाजतो, तसा कट्ट आवाजही आला. शे-दीडशे किलोमीटरनंतर ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. चाक काढलं तर बैठकीच्या खोलगट भागात फक्त केसाएवढी चकचकीत रेघ होती. बोल्ट तेवढ्या रेघेवर टेकला होता, बाकी सगळीकडे हवा. आता मी नव्या बोल्टच्या बैठकीवर निळ्या मार्करची शाई लावतो, हाताने आवळून अर्धा फेरा देतो आणि काढून बघतो. चाकात शाई रुंद पट्टीसारखी उमटली पाहिजे. रेघ उमटली तर बोल्ट परत.

गाडी जमिनीवर असतानाच बोल्ट अर्धा फेरा सैल करून ठेवा. आमच्या अंगणात जांभा आहे, जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी ठेवतो. ओट, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून चाकाला लावायचा ठोकळा, लाकडाचा लावा, चिऱ्याचा तुकडा नको, तो भुगा होतो. स्टँडवर टेकवल्याशिवाय हात आत घालायचा नाही. जुना बोल्ट काढताना फेरे मोजा. पिच १.५ आहे, म्हणजे एक फेरा दीड मिलिमीटर. नवा बोल्ट स्पेसरसकट तेवढेच फेरे गेला पाहिजे.

चाक निघाल्यावर खरं काम सुरू होतं. गोव्याच्या पावसात आणि खाऱ्या हवेत हबवर गंजाची पापुद्री साचते, डिस्क धरणाऱ्या छोट्या स्क्रूभोवती तर जास्तच. वायर ब्रशने घासा आणि पॉलिश पेपरने हबचा चेहरा कोरा करा. माझा भाचा मदतीला होता. त्याने स्पेसर चढवला आणि म्हणाला, "मामा, बसला." मी म्हटलं, "हाताने हलवून बघ रे." त्याने दोन टोकं आलटून-पालटून दाबली आणि स्पेसर किंचित डोलला. फट मोजायच्या फिलर गेजची ०.०५ मिलिमीटरची पट्टी एका बाजूने आत शिरत होती. काढून पाहिलं तर डिस्कच्या स्क्रूचं डोकं गंजामुळे जरासं वर उभं होतं. नखालाही कळलं नसतं. स्क्रू काढून, साफ करून परत बसवला, मग पट्टी कुठेच शिरेना. स्पेसरच्या आतल्या काठाची तिरकी घासलेली बाजू हबकडे असली पाहिजे, उलटा लावला तर तो मुळापर्यंत जात नाही.

हबच्या कड्यावर, फक्त कड्यावर, तांब्याच्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. स्पेसर अॅल्युमिनियमचा आणि हब लोखंडाचा, ओलाव्यात दोन्ही एकमेकांना धरून बसतात. आट्यांना, बोल्टच्या बैठकीला आणि सपाट तोंडाला ग्रीस लावायचं नाही, नाहीतर टॉर्कचा आकडा खोटा ठरतो.

या गाडीला स्टड (हबमधून बाहेर आलेले, चाक अडकवायचे खिळे) नसतात, बोल्ट असतात, त्यामुळे जड चाक हातात धरून भोक जुळवायला त्रास होतो. गाडीच्या टूलकिटमधली प्लॅस्टिकची सरळ पिन एका भोकात घाला आणि चाक तिच्यावर सरकवा. पाचही बोल्ट आधी बोटांनी, मग ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून एक, हलके आवळा. मागच्या चाकासाठी हँडब्रेक सोडा, बाकीच्या चाकांना ओट असलेच पाहिजेत. चाक हाताने दोन फेरे फिरवून कुठे घासतंय का ऐका. मग गाडी खाली आणि शेवटचा टॉर्क १२० न्यूटन-मीटर, त्याच ताऱ्याच्या क्रमाने. जुना रेंच किलोग्रॅम-मीटरचा असेल तर सुमारे १२. इम्पॅक्ट गन (झटके देऊन बोल्ट आवळणारं मशीन) या कामाला घेऊच नका.

स्टेपनी असेल तर ती स्पेसरशिवाय लागते, म्हणून तिच्यासाठी मूळ पाच बोल्ट डिकीत ठेवा. लांब बोल्ट तिथे चालणार नाहीत. चाकचोरी टाळायला लावतात ते लॉकचे बोल्टही लांब घ्यावे लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ तपशिलात फेरफार करण्यावर बंधन आहे. त्यामुळे आरटीओला आणि विमा कंपनीला आधी विचारा, आणि विमा कंपनीचं उत्तर लेखी घ्या.

पहिल्या दिवशी मी बाणस्तारीचा पूल ओलांडून जुने गोवे आणि पुढे पणजी असा फेरा मारला, ताशी ८० पर्यंत. काहीच थरथर नव्हती. तरी घरी आल्यावर गाडी थंड होऊ दिली आणि पाचही बोल्टवर रेंच फिरवला. एक बोल्ट किंचित फिरला. शंभर किलोमीटरच्या आत परत सगळे तपासले, तेव्हा एकही हलला नाही. मग बोल्टपासून चाकापर्यंत पिवळ्या पेंटची रेघ ओढून ठेवली. सकाळी गाडीत बसायच्या आधी चारही चाकांवर नजर टाकतो, रेघ तुटलेली दिसली की आधी रेंच.

पावसाळ्याआधी मागचे दोन्ही स्पेसर काढून साफ करून परत बसवतो.