फिशटँकच्या मागे काय लावाल?

पोस्टरपेक्षा साधा मॅट काळा व्हिनाइल (मागे गोंद असलेली प्लास्टिकची शीट) घ्या. काळ्यावर माशांचे रंग उठून दिसतात. वायर, हीटर, फिल्टरचा पाइप नजरेआड होतो. चमकदार किंवा आरशासारखी फिल्म नकोच. फायटर मासा स्वतःच्याच प्रतिबिंबावर कल्ले फुगवून धावत राहतो आणि थकतो.

व्हिनाइल नेहमी मागच्या काचेच्या बाहेरून, टँक भरण्याआधी लावा. नंतर भरलेला टँक भिंतीपासून ओढता येत नाही: दोन बाय एक फुटाच्या टँकमध्ये फूटभर पाणी म्हणजे साधारण 56 किलो. काच व्हिनेगरने पुसून कोरडी करा. शीट चारही बाजूंनी इंचभर मोठी कापा. काचेवर साबणपाण्याचा हलका फवारा मारून शीट टेकवा आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे पाणी काढा. जादाची कडा दुसऱ्या दिवशी कापा. साबणाचा थेंबही टँकच्या आत जाऊ देऊ नका.

पोस्टरच हवं असेल तर काच आणि पोस्टरमध्ये ग्लिसरीनचा पातळ थर द्या. मधे हवा राहिली की चित्र पांढुरकं दिसतं. नुसत्या सेलोटेपवर चिकटवलेला पोस्टर ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात टिकत नाही: दमट हवेत टेप सुटते, वरून ओघळलेलं पाणी आत शिरतं, डाग पडतात. वरची कडा तरी सलग टेपने बंद करा. भिंतीला ओल असेल तर टँक चार बोटं पुढेच ठेवा.

टँकच्या आतून मागच्या काचेला लावायचा उठावदार थ्रीडी फोम सुंदर दिसतो, पण कडांना सिलिकॉन नीट न भरल्यास छोटे मासे मागे अडकून मरतात.