गोव्यात कमी खर्चात घर: चिरा, कौले आणि हात कुठे आखडू नये

गोव्यात स्वस्त घराचा हिशेब पावसापासून सुरू करावा. वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जिथे पाणी लागते तिथे कंजुषी केली, तर वाचवलेले पैसे गळतीच्या दुरुस्तीत जातात.

भिंती

भिंतींना जांभा चिराच घ्या, म्हणजे तांबड्या जांभा दगडाचे कापलेले ठोकळे. एकमजली घराला कॉलम-बीमचा सांगाडा लागत नाही. ९ इंची चिऱ्याची भिंत छपराचा भार पेलते. सळई आणि काँक्रीटची खरी बचत इथे आहे. मात्र जोत्यावर आणि लिंटेलच्या (दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या) उंचीला काँक्रीटचा पट्टा सर्व भिंतींवरून सलग फिरवा. तो गाळून पैसे वाचवू म्हणणाऱ्या मेस्त्रीचे ऐकू नका.

खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो आणि हवेवर सुकून कठीण होतो. म्हणून काम सुरू होण्याच्या काही आठवडे आधी माल आणून रचून ठेवा. कोपरे हाताने भुगा होत असतील किंवा पोटात पिवळ्या-पांढऱ्या मातीचे खिसे दिसत असतील, तर तो चिरा परत पाठवा. आकार खाणीगणिक बदलतो, त्यामुळे नग मोजण्याआधी टेप लावा. १४ इंच लांब, ७ इंच उंच चिरा असेल तर दर्जांसकट (चिऱ्यांमधल्या मसाल्याच्या सांध्यांसकट) १० बाय १० फुटांच्या भिंतीला साधारण १३० नग लागतात. तुटफूट वेगळी धरा. खाणीचा परवाना आणि वाहतुकीची पावती मागून घ्या. बेकायदा माल थोडा स्वस्त पडतो खरा, पण गाडी अडवली की काम तुमचे थांबते.

बाहेरून गिलावा करायचा की नाही? उघडा तांबडा चिरा देखणा दिसतो, आणि जुन्या गोव्यातले बॉम जेझूस चर्च पाहून अनेकांना तसेच घर हवे असते. पण त्या चर्चलाही मुळात गिलावा होता. तो विसाव्या शतकाच्या मध्यास काढला गेला आणि आज पावसाने दगड झिजण्याची चिंता केली जाते. तेव्हा पावसाचा मारा येतो त्या बाजूला गिलावा कराच. आडोशाच्या भिंतीला नुसत्या दर्जा भरल्या तरी चालते.

छप्पर

गावोगावी स्लॅबच्या डोक्यावर पुन्हा पत्रे चढवलेली घरे दिसतात. एका घराला दोन छपरांचा खर्च! त्यापेक्षा आधीच मंगळुरी कौलांचे उतरते छप्पर करा. १०० चौरस फूट छपराला साधारण १५० कौले लागतात, उतार ३० अंशांच्या आसपास हवा. जुनी घरे पाडली जातात तिथे वापरलेली कौले निम्म्याहून कमी भावात मिळू शकतात. बोटाने टिचकी मारा: खणखणीत वाजले तर घ्या, बद्द वाजले तर आत चीर आहे. जुन्या दारे-खिडक्यांच्या चौकटीही तिथेच बघा. त्यांचे लाकूड बहुधा आजच्या स्वस्त फळ्यांपेक्षा सरस असते, फक्त वाळवी तपासा.

वाशांना लाकूड महाग पडते, लोखंडी पाइप चालतात. समुद्राजवळ ते लवकर गंजतात. म्हणून चढवण्यापूर्वीच गंजरोधक रंगाचे दोन हात द्या आणि पाइपांची उघडी तोंडे बंद करा. वळचण भिंतीपासून अडीच-तीन फूट बाहेर काढा. भिंतीच्या बचावासाठी इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

रेती आणि सिमेंट

समुद्राची रेती कुणी फुकट दिली तरी नको. तिच्यातले मीठ सळई खाते. नदीच्या रेतीचा उपसा कायद्याच्या कचाट्यात सापडलेला असल्याने धुतलेली क्रश सँड (दगड दळून केलेली रेती) धरून चला. काचेच्या बाटलीत अर्धी रेती आणि पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर माल नाकारा. चिऱ्याच्या बांधकामाला एकास सहा मसाला (एक भाग सिमेंट, सहा भाग रेती) पुरतो. किनारपट्टीवर काँक्रीटसाठी स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेले) मागा, ते खाऱ्या हवेला जास्त दाद देत नाही.

जमिनीला लाल ऑक्साइडचा कोबा (लाल रंग घातलेला सिमेंटचा गुळगुळीत थर) पुरेसा आहे. फरशा पैसे आल्यावर कधीही बसवता येतात.

काम दिवाळीनंतर काढा आणि मेच्या मध्यापर्यंत कौले चढतील असा बेत ठेवा. सिमेंट लागेल तसे थोडे थोडे आणा, पोती लाकडी फळ्यांवर भिंतीपासून दूर रचा. तीन महिन्यांहून जुने पोते काँक्रीटला वापरू नका.